एका कीबोर्डवर दोघी

एकाच कॉम्प्युटरवर दोघींना खेळता येईल असा गेम माझ्या मुलींसाठी शोधताना आज शाळेतली वंती आठवली.

वंती अक्कलकुव्याकडच्या डोंगरातली, आदिवासी वसतिगृहात राहणारी. शाळेच्या कॉम्प्युटरवर आम्ही गाड्यांची शर्यत खेळायचो. तिच्या केसांना मोहाच्या तेलाचा वास यायचा. एकदा हरताना मी इतक्या जोरात बटण दाबलं की ते निखळलं.

"कोणी तोडलं?" सरांनी विचारलं, पण पाहिलं वंतीकडेच. "तुम्हा लोकांना कशाला हवाय कॉम्प्युटर?" म्हणत त्यांनी तिला बाहेर काढलं.

दारात ती माझ्याकडून शिकलेल्या अहिराणीत म्हणाली, "तू काबर नही बोलनी?"

दुसऱ्या दिवशी तिच्या जागी मी दुसरी मैत्रीण बसवली. तेव्हा तिच्या प्रश्नातून सुटल्यासारखं वाटलं होतं. आज त्या सुटकेचीच लाज वाटते.