आयव्हर प्रॉबर्टचं दार

वेल्समधल्या कोळशाच्या त्या दरीत एखादा 'उत्तरेला गेला' म्हटलं, की पुढे कुणी काही विचारत नसे. गेला म्हणजे बाटला. पंधरा जणांचं, बिनपैशाचं आपलं रग्बी सोडून इंग्लंडच्या उत्तरेला पैसे घेऊन तेरा जणांचं रग्बी खेळायला गेला. त्याला क्लबाची दारं जन्मभर बंद. खेळायला तर नाहीच, कोपऱ्यात बसून चहा प्यायलाही नाही.

हे दार तेहतीस वर्षं आयव्हर प्रॉबर्टनं सांभाळलं. ओळखीच्याला आत सोडायचं, परक्याची पाहुण्यांच्या वहीत सही घ्यायची. दिवसभर खाणीत वाकलेला हा माणूस संध्याकाळी स्टुलावर ताठ बसे. याच्यासारखा निष्ठावंत शोधून सापडायचा नाही, असं लोक म्हणत. ते ऐकून त्याला बरं वाटत असेल असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्याला त्या शब्दाचा वीट आला होता.

कारण बासष्ट साली धाकटा भाऊ ग्लॅनमोर उत्तरेला गेला, तेव्हा गाडीत आयव्हरही होता. तिकडे चाचणीच्या सामन्यात नवख्याचं नाव छापत नसत. नाही जमलं तर गुपचूप घरी परतता यावं म्हणून. दोघंही तो सामना खेळले. ग्लॅनमोरला ठेवून घेतलं. आयव्हरला मटणाचा पाव खायला घालून वाटेला लावलं. नियमानं तोही बाटलाच होता, एक सामना पुरेसा होता. पण ग्लॅनमोर कुणाला बोलला नाही. आयव्हर मान खाली घालून हिंडू लागला, तेव्हा कमिटीला वाटलं, भावानं तोंड काळं केलं म्हणून बिचारा खचलाय. त्यांनी त्याला दारावर बसवलं आणि ग्लॅनमोरचा फोटो भिंतीवरून उतरवला.

पुढे आई गेली. दफनानंतरचा चहा क्लबातच ठेवला होता. ग्लॅनमोर काळा कोट घालून दाराशी आला. आतून सगळं गाव बघत होतं. आयव्हरनं हात आडवा धरला.

"नियम आहे," तो म्हणाला.

"असू दे, दादा."

एवढंच बोलून ग्लॅनमोर समोरच्या भिंतीशी थोडा वेळ उभा राहिला आणि स्टेशनाकडे निघून गेला. त्यानं एक शब्द काढला असता, तर दोघंही त्या भिंतीशी उभे असते.

पंचाण्णव साली पंधरावाल्यांनीही पैसे घ्यायचं ठरवलं. चिटणीस हॉपकिन मास्तर दाराशी येऊन म्हणाले, "संपलं सगळं. आता पोरं आज इकडे, उद्या तिकडे. बोलाव तुझ्या भावाला. फोटो पुसून ठेवतो."

"मग इतकी वर्षं मी काय राखलं, मास्तर?"

"दार," मास्तर म्हणाले आणि बिअर संपवायला आत गेले.

पुढच्या शनिवारी दुपारी ग्लॅनमोर काठी टेकत आला आणि उंबऱ्याशी आपणहून थबकला.

"येऊ का रे?"

"थांब जरा."

आयव्हरनं पाहुण्यांची वही ओढली आणि स्वतःचंच नाव लिहिलं. क्लबाच्या रकान्यात लिहिलं: उत्तरेला, एक सामना, १९६२.

"अरे, सही त्याची घ्यायची! तू काय पाहुणा आहेस?" मास्तर ओरडत आले. वही वाचली आणि खुर्ची शोधू लागले.

"कशाला रे, दादा?" ग्लॅनमोर म्हणाला. "आता तर नियमही गेला."

"म्हणूनच हात धजला. नियम होता तेव्हा लिहायला हवं होतं." आयव्हरला फार दमल्यासारखं झालं होतं. त्याला वाटलं, आता भाऊ वळेल आणि परत स्टेशनाकडे चालू लागेल. तसं झालं असतं तरी त्यानं हाक मारली नसती.

ग्लॅनमोरनं काठी दाराला टेकवली आणि दादाच्या स्टुलावर बसला.

"आईचा चहा राहिलाय माझा," तो म्हणाला. "तेवढा आण."