अंग चोरणारा कापूस

खरं सांगते, हे लिहिणारच नव्हते. यात मी खोटं बोललेय आणि ते आता टिळकवाडीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीला कळणार. पण आठवडाभर बायाक्कांचा इतका राग राग केलाय, की लिहिल्याशिवाय चैन न्हाई.

बायाक्का खासबागला राहतात, वय सत्तर. नवरा मागावर साड्या विणायचा, या चाळीस वर्षं वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवतायत. माझ्या दिव्याताईच्या बाळाचं बारसं रविवारी, सोमवारी ती निपाणीला सासरी जाणार, आणि मी सगळ्यांसमोर बोलून बसलेले, बाळाची वाकळ माझ्याकडनं. हातात आठ दिवस.

बायाक्का म्हणाल्या, "आत घालायला जुन्या साड्या आण. धुऊन धुऊन मऊ झालेल्या."

मला जुनं नको होतं. ताईच्या सासरचे लई टापटीप. मी दुकानातनं कापसाची शीट आणली, कापूस दाबून चादरीसारखी केलेली असते ती. बायाक्कांनी नुसतं बोट लावलं.

"हे कोरं हाय. कोरा कापूस अंग चोरतोय. पाण्यात बुडवून ठेव, पिळू नको, सावलीत आडवं वाळव. दोन डाव."

"दोनदा कशाला आक्का?"

"पयल्या पाण्यात थोडं आटतंय, दुसऱ्यात उरलेलं. वाकळ शिवल्यावर आटलं तर सुरकुत्या कोण काढणार, तू?"

मी वॉशिंग मशीनमध्ये टाकली. उघडलं तर शीट कुठली, नुसते गोळे, उप्पीटासारखे. आई म्हणाली, मशीन आता तूच साफ कर.

दुसरी शीट आणली. वरनं पाऊस, काय वाळायचं नाव न्हाई, असाइनमेंट तशीच पडलेली. शुक्रवारी मी शीटवर थोडं पाणी शिंपडलं, इस्त्री फिरवली आणि घेऊन गेले. "भिजवलं आक्का, दोन डाव."

त्यांनी कडेची वीतभर पट्टी कापली, कढत पाण्यात टाकली आणि पंख्याखाली पसरली. ती वाळेस्तोवर मला सुया ओवायला बसवलं. मग पट्टीवर वीत ठेवली. पट्टी कमी पडली.

"दोन बोटं कुठं गेली गं?"

मी सुईत दोरा ओवत राहिले.

"कापसाला कळत न्हाई म्हणून त्यो अंग चोरतोय. तू कॉलेजात जातीस न्हवं?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, परवा बारसं आहे, आतलं कोण बघायला येतंय?

"मग दुसऱ्याकडनं घे जा शिवून. माझी वाकळ आकसली म्हणून कुणी परत आणलेली न्हाई अजून."

मी रागानं रडत बसस्टॉपपर्यंत गेले. तिथं कळलं, शीट बायाक्कांकडंच राहिली. परत आले तर त्यांनी ती टबात बुडवलेली.

"रडून झालं? ते टोक धर."

दोघींनी दोन्हीकडनं अलगद उचलली आणि बाजेवर पसरली. शनिवारी पुन्हा भिजवली. रविवारी अर्धी ओलीच होती.

बारशाला मी रिकाम्या हातानं. बाळ अस्वलांच्या पॉलिस्टर ब्लँकेटात, आणि मावशी प्रत्येक पाहुण्याला सांगत होती, "हिची वाकळ अजून शेतात हाय, कापूस वेचायला आलाय." सोमवारी ताई गेली.

गुरुवारी वाकळ झाली. एवढासा धावदोरा, तांदळाच्या दाण्याएवढा. शुक्रवारी मी निपाणीची बस धरली.

ताईच्या सासूबाई, ब्राह्मीकाकूंनी वाकळ उलटसुलट बघितली, लई छान म्हणाल्या आणि सरळ गरम पाण्याच्या बादलीत घातली. "बाळाला नवं काय बी धुतल्याबिगर घालत न्हाईत गं."

हे मला कसं सुचलं न्हाई? मी इस्त्री मारलेली शीट आत असती तर इथंच, सगळ्यांच्या देखत, तिचा चुरगळलेला पापड झाला असता. दोन बस सोडल्या आणि वाकळ वाळत घातलेल्या दोरीखाली बसून राहिले. ताई म्हणाली, "वाकळ पळून जाणार न्हाई गं, आत ये." वाळल्यावर वितीनं मोजली. होती तेवढीच. एक सुरकुती न्हाई. काकूंनी बाळाला तिच्यावर निजवलं, आणि मग मी ताईला सगळं खरं सांगितलं.

बायाक्कांना दसऱ्यानंतर त्यांचा मुलगा मष्णू आपल्याकडं गुंजी गावाला घेऊन जातोय. तिथं शिवणार न्हाई म्हणतात, डोळ्यांना सोसत न्हाई. खासबागला वाकळवाल्या बायाक्का म्हटलं की कुणीही घर दाखवेल. शिवायचं नसलं तरी चालेल, पण दसऱ्याच्या आत जाऊन त्यांना भेटून या.