उजव्या गुडघ्याचे गाऱ्हाणे

नाते गावाहून पाचाडपर्यंत धावण्याच्या शर्यतीत आमच्या गावचा एक गडी दरवर्षी असे. पहिल्या येणाऱ्याला मानाचा फेटा बांधत. "औंदा फेटा माझाच हाय," असे तो महिनाभर छाती काढून सांगे. शर्यतीच्या सकाळी मात्र गुरवाकडून देवीला मोठ्याने गाऱ्हाणे घालून घेई, "आई, याचा उजवा गुडघा दुखतो हाय, सांभाळून घे!" साऱ्या गावाने ते ऐकले की हा निर्धास्त होई. हरण्याची सोय आधीच झालेली असे. मला त्याची चीड येई.

मी पदवी घेऊन आलो, तेव्हा गावाने कौतुकाने मला शर्यतीचा पंच नेमले. त्या वर्षी शेवटच्या चढावर हा एकटाच पुढे होता. लोक फेटा उलगडू लागले, तसा तो मटकन खाली बसला आणि त्याने गुडघा धरला.

"अरे, डावा काय धरतोस?" गुरव ओरडला. "गाऱ्हानं उजव्याचं घातलंय रे!"

त्याने हात उजव्या गुडघ्यावर नेला. तेवढ्यात मागचा धावणारा त्याला ओलांडून गेला.

मी त्या दुसऱ्याच्या डोक्यावर फेटा बांधला, तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या यानेच वाजवल्या.