भाऊजींची असहमती

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा एकही न्यायाधीश आमच्या भाऊजींच्या तडाख्यातून सुटला नाही. बिचाऱ्यांपैकी एकालाही ते कळलं नाही, ही गोष्ट वेगळी. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, गोंदियाच्या कोर्टात वकील. पोट चालायचं धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणांवर, जीव मात्र वॉशिंग्टनला. ब्लॉग हे प्रकरण तेव्हा नवंच होतं. कोर्ट सुटलं की काळा कोट न काढता ते सायबर कॅफेत शिरत आणि तिकडच्या निकालांवर मराठीत, एका बोटानं, टीका लिहीत. कुणाच्या घरात पोलीस न विचारता शिरले, कुठल्या राज्यानं मतदारसंघ वेडेवाकडे आखले, राष्ट्राध्यक्ष कुठं अधिकाराबाहेर गेला, सगळ्यांचा समाचार! वाचक दोघंच, मी आणि कॅफेवाला. पानठेलेवाला रोज विचारायचा, "वकीलसाब, आज अमरीका में कौन हारा?" आणि भाऊजी खुलायचे. इथल्या न्यायाधीशापुढं मात्र "जी साहेब"च्या पलीकडं शब्द फुटत नसे. ताई वैतागून म्हणायची, "तिकडच्या जजायले रोज झाडतेत, अन् इथं दूधवाल्याले 'पाणी काऊन टाकतं' म्हणाची हिंमत नाई!"

त्यांचं खरं प्रेम हरणाऱ्या, म्हणजे निकालाविरुद्ध मत लिहिणाऱ्या, न्यायाधीशांवर. "निकाल तर कोणीही वाचते. विरोधात कोण होता अन् काय म्हणाला, ते वाच." मी एकदा म्हटलं, भाऊजी, आपल्याही कोर्टात असहमती लिहितातच की. "कोर्टात लिहितेत. घरात चालते का?" म्हणाले, आणि चहा फुंकायला लागले.

दुसरं प्रेम जावईपणाच्या मानावर. नवेगावला आमच्या माहेरी एकदा श्रीखंडाची वाटी त्यांच्या आधी दुसऱ्याला गेली, तर हे महाशय उपाशीच गोंदियाच्या गाडीत जाऊन बसले. अधिक महिन्यातल्या अनारशांची वाट तर असे पाहायचे, की ताईला लाज वाटायची.

बाबा गेले, त्याच्या आधीच माझे यजमान गेले होते. पोरगी शिकत होती. बाबांच्या जमिनीतली माझ्या वाट्याची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, मला हवी होती, पण बोलणार कोण? नवेगावला सगळे बसले, तेव्हा दादानं हक्कसोडीचा कागद तयारच ठेवला होता. ताईनं सही केली. काका म्हणाले, "बहिणी हिस्सा मागत नसतेत, बाई. माहेर तुटते." मी पेन हातात घेतला. तेवढ्यात मानाच्या खुर्चीवरून भाऊजी खाकरले.

"तुमी जवाई, तुमी यात नोका बोलू," काका म्हणाले.

"तुमचं बहुमत आहे, कबूल," भाऊजी म्हणाले. त्यांच्या हातातली कपबशी चक्क वाजत होती. "पण माझी असहमती ऐका. कायद्यानं हिचा हिस्सा आहे. तिले पोरगी शिकवायची आहे. ही भीक मागून नाही राहिली. मी या कागदाच्या विरोधात आहे."

बस, एवढंच. कुणाचं मत बदललं नाही. दादा उठून गेला, ताई रडायला लागली. पण मी पेन खाली ठेवला. पुढं तहसिलीत खूप खेटे घालावे लागले, तेव्हा कुठं माझं नाव लागलं.

त्यानंतरच्या अधिक महिन्यात माहेराहून भाऊजींना बोलावणं आलं नाही. ब्लॉगवर मात्र अमेरिका जोरात चालू होती, नवेगावच्या त्या बैठकीबद्दल अक्षर नाही. माझ्या जिवाला फार लागलं. मीच तांदूळ भिजत घातले, घरी पाट मांडला, रांगोळी काढली आणि दोघांना बोलावलं. भाऊजींनी अनारसा तोडला, जरा वेळ नुसताच हातात धरला.

"तुह्या बांधीतला तांदूळ?"

"हो, भाऊजी."

 भाऊजींनी ताटातले सगळे अनारसे संपवले, आणि मधुमेहावरून ताईची बोलणी खाल्ली.

आता भाऊजी नाहीत. बातम्यांत कुठल्या कोर्टाचा मोठा निकाल आला की पोरगी विचारते, "कोण जिंकलं, आई?" माझ्या तोंडून आधी निघतं, "विरोधात कोण होतं गं?" आणि मग भाऊजींच्या हातातली ती वाजणारी कपबशी ऐकू येते.