पोत्यांतून फिरलेलं शेत

माझ्या आत्याने अठरा वर्षं शेती केली आणि अठरा वर्षं तिचं बिऱ्हाड पाठीवरच राहिलं. जमीन मालकाची, निम्मं पीक त्याचं, निम्मं तिचं. दर दोन वर्षांनी मालकाचा कारभारी बांधावर उभा राहून सांगायचा, "बाई, पुढच्या पेरणीपासून ओढ्याकडचा तुकडा घ्या." कूळ एकाच तुकड्यावर फार दिवस राहिलं तर हक्क सांगायला लागतं, अशी मालकाला धास्ती. पावती तो कुणालाच देत नसे. सगळं आपल्या डोक्यात असतं, असं तो अभिमानाने सांगायचा, आणि खरंच असायचं.

नवा तुकडा म्हणजे कायम सगळ्यात हलका. खाली दगडगोटे, वर चिमूटभर माती. आत्या शेण, पालापाचोळा, राख घालून दोन वर्षांत तो सुधारायची, की कारभारी हजर. दुसरी एखादी रडत बसली असती. आत्याने पहिल्याच बदलीला फावडं घेतलं, वरची वीतभर माती खरवडून पोत्यांत भरली आणि नव्या तुकड्यावर नेऊन पसरली. "दगड त्याचे, माती मी केलेली," एवढंच तिचं म्हणणं. मालकाला कळलं तेव्हा तो पोट धरून हसला. माती त्याच्याच जमिनीतून त्याच्याच जमिनीत जात होती, त्याचं काय बिघडत होतं?

बिघडत होतं ते आमचं. बदली आली की आत्याचा निरोप यायचा आणि मी शिकवत होते त्या शाळेतून रजा काढून पोती उचलायला जायची. मुख्याध्यापकांना कारण काय सांगायचं हाच मोठा प्रश्न असे. "आत्याचं शेत हलवायचंय" हे मी एकदा खरं खरं लिहून दिलं, तर त्यांनी मला बोलावून तब्येतीची चौकशी केली. एका खेपेला आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, पोतं खाली ठेवून म्हणाले, "अगं, लोक घर बदलताना भांडीकुंडी नेतात."

"मग घ्या ना भांडी. चारच तर आहेत. ती ठेवून परत या, अजून साठ पोती आहेत."

आतोबांनी पोतं पुन्हा उचललं. वाद घालायची त्यांची हौस तेवढ्यावरच फिटली.

मग कायदा आला. एका मालकाची जमीन सलग बारा वर्षं कसली असेल, तर सध्या हातात असलेला तुकडा कसणाऱ्याच्या नावावर होणार. आत्याच्या हातात तेव्हा नववा तुकडा होता, विहिरीजवळचा, आणि त्यावर आधीच्या आठही तुकड्यांची माती. पण कायद्याचा सुगावा लागताच मालकाने निरोप धाडला, यंदाचं पीक निघालं की चालते व्हा. या वेळी पुढचा तुकडाही नव्हता. जायचं तर रस्त्यावर, आणि माती रस्त्यावर पसरता येत नाही. आत्या साठीला टेकली होती, आतोबांची पाठ कायमची वाकली होती. शेजारी साक्षीला यायला तयार नव्हते, कारण तेही मालकाचेच कूळ.

सुनावणी एका जुन्या गोदामात झाली. अधिकारी बाईंच्या टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली विटेचा तुकडा. मालक शांतपणे म्हणाला, "ही बाई? परवापरवा आलीय. दोन वर्षं झाली असतील, तीही रोजंदारीवर."

"तुमच्याकडे पावती आहे?" बाईंनी आत्याला विचारलं.

"नाही."

"मग काय आहे?"

"माती आहे," आत्या म्हणाली, आणि पोत्यांची सगळी कहाणी सांगायला लागली. बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. मी आत्याला कोपराने ढोसलं, पण तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की झाला. मध्येच ती मालकाकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाली, "ओढ्याकडच्या तुकड्यातून मी शंभरेक पोती नेली असतील, नाही का हो मालक?"

"शंभर?" मालक ताडकन उठला. "तीनशे नेलीस तीनशे! बाई, चोर आहे ही. अठरा वर्षं माझी जमीन खरवडतेय! आधी टेकडीखालचा तुकडा, मग ओढ्याकडचा, मग कातळाचा..."

बोटांवर मोजत त्याने नऊच्या नऊ तुकडे बिनचूक सांगितले, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत तेही. कारभारी मागून त्याचा सदरा ओढत होता.

बाईंनी पेन उचललं. "सावकाश सांगा," त्या म्हणाल्या, "मी लिहून घेतेय."

हे तू मुद्दाम केलंस का, असं मी आत्याला अजून विचारते. "छे गं, मला मेले आकडे कुठे लक्षात राहतात!" असं म्हणते. माझ्या लग्नात कोणी किती वेळा वाढून घेतलं ते जिला आजही सांगता येतं, ती हे म्हणते.

कागद आत्या आणि आतोबा दोघांच्या नावावर झाला. त्या आठवड्यात ती मला घेऊन रोपवाटिकेत गेली. चार महिन्यांत काढून घेता येणार नाही असं काहीच तिने आजवर जमिनीत घातलं नव्हतं. कोणाच्या भरवशावर घालणार?

"सगळ्यात उशिरा फळ धरणारं काय आहे तुमच्याकडे?" तिने विचारलं.

रोपवाला गोंधळला. "कलम घ्या ना मावशी, तीन वर्षांत फळ."

"मी लवकरचं विचारलं का?"

शेवटी त्याने कोपऱ्यातलं फणसाचं रोप दाखवलं. बियांपासून केलेलं, आठ वर्षं तरी लागतील, कदाचित दहा. आत्याने दोन घेतली आणि एकही पैसा कमी करून मागितला नाही, तेव्हा मात्र मला तिची काळजी वाटली.

"आत्या, दहा वर्षं म्हणजे तू सत्तरीची होशील गं."

"होईन की," ती म्हणाली. "इथेच होईन."

मला रडू आवरेना. तिने एक रोप माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "नीट धर, मुळं हलतील."