तक्त्यातला सहावा रकाना

जबलपूरच्या एका सरकारी ऑफिसात मी एकवीस वर्षं कॉम्प्युटर शाखा सांभाळली. ऑफिसचं नाव सांगत नाही, माझे पेन्शनचे कागद अजून तिथेच अडकलेत.

निवृत्तीच्या दोन वर्षं आधी आमचा सर्व्हर बसला. बॅकअप मी त्याच मशीनवर ठेवत होतो, म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच टांगून दार ओढून घेतलं होतं. अकरा दिवस मृत्यूचे दाखले बंद राहिले. बरगीहून एक बाई नवऱ्याच्या दाखल्यासाठी चार वेळा आली. चौथ्या वेळी तिने काही विचारलं नाही, नुसती बाकावर बसून राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

मग मोठ्या साहेबांनी ठरवलं, बाहेरून जाणकार टेक्नॉलॉजी अधिकारी आणायचा आणि त्याला बाजारभावाने पगार द्यायचा. प्रस्ताव लिहायचं काम आलं माझ्याकडे. मी इंदूर, नागपूर, पुण्याला फोन लावून अशा माणसांचे पगार विचारले. पहिला आकडा ऐकला तेव्हा वाटलं, वर्षाचा असेल. तो महिन्याचा होता, आणि माझ्या पगाराच्या चौपट होता.

तुलनेचा छापील तक्ता असतो. त्यात सहावा रकाना: सध्या हे काम कोण करतो आणि त्याला काय मिळतं. मी तो कोरा सोडला. अकाउंटवाल्या साहेबांनी फाईल परत पाठवली, "भैया, ये तो भरना पड़ेगा."

फाईल घेऊन मी दीक्षितपुऱ्यात घरी आलो. बायको म्हणाली, "काहून जीव जाळून राहिले? भरून टाका ना. तुमचा पगार काय चोरीचा आहे?"

"चोरीचा नाही. पण तो आकडा वाचला की समितीवाले म्हणतील, एवढ्यात काम होऊन राहिलं, तर जास्त कशाला द्यायचं?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तरी मी माझं नाव आणि पगार लिहिला.

समितीच्या मीटिंगला टेबलाभोवती पाच जण होते आणि मी भिंतीशी उभा. एका सदस्यांचं बोट तक्त्यावरून सरकत सरकत सहाव्या रकान्यावर थांबलं.

"ये काम तो यही कर रहे हैं. फिर चौगुना किसलिए?"

"अच्छा, तो इन्हीं का थोड़ा बढ़ा दो," दुसरे म्हणाले. "बात ख़त्म."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगतो, मला हाव सुटली. मुलीचं लग्न ठरत होतं. नुसतं गप्प राहिलो असतो तरी पगार वाढला असता, खुर्ची राहिली असती, आणि शिवाय सरकारचे पैसे वाचवणारा माणूस म्हणून हारही मिळाला असता. आणि सर्व्हर पुन्हा बसला असता. तेव्हा बाकावर कोण बसलेलं असेल, हे मला दिसत होतं.

"क्यों जी, कर लोगे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"नहीं सर. मुझसे नहीं होता." मग पुढे म्हणालो, "होता, तो वो ग्यारह दिन नहीं आते."

अकाउंटवाले साहेब तेवढे खाली बघू लागले. मला वाटलं आता कोणीतरी म्हणेल, असं बोलू नका, तुम्ही पुष्कळ केलंत. निदान बसा तरी म्हणतील.

मोठ्या साहेबांनी फाईल माझ्याकडे सरकवली. "लिख के दे दो."

टेबलाच्या कडेला वाकून, उभ्याउभ्याच मी लिहिलं की हे काम मला येत नाही. खाली सही केली, हुद्दा लिहिला, तारीख घातली. दहा मिनिटांत चौपट पगार मंजूर झाला. माझ्या हातची कुठलीही फाईल इतक्या लवकर पास झाली नव्हती.