डेलची रायफल, बाबांची बंदूक

कुडाळ स्टेशनच्या फलाटावर बाबांनी माझी बॅग डाव्या हातानं उचलून डब्यात ढकलली. उजवा हात मनगटापासून वाकडा झालेला, त्या हातानं त्यांना भाकरीसुद्धा मोडता येत नसे. आई रडत होती, बहीण उगाचच पाण्याची बाटली शोधत होती. आपल्याकडे निघताना कुणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतात. मीही तेच म्हणायला तोंड उघडलं, तर बाबा मध्येच बोलले, "येतंय असां म्हणू नको. जा." गाडी हलली तशी आई चार पावलं धावली. बाबा पाठ फिरवून जिन्याकडे चालायला लागले. ही २०१३ सालची गोष्ट. त्यानंतर मी त्यांना जिवंत पाहिलं नाही.

गावात राहिलात त्या तुम्हाला वाटतं, तुरुंगात जाऊन आलेल्या माणसानं पोराला कॅनडात पाठवून नाक वर केलं. माझ्यासारखेच इकडे आलात त्या तुम्हाला वाटतं, मीही तुमच्याच रांगेतला, कॉलेज, पार्टटाइम जॉब, वर्क परमिट, मग पीआर म्हणजे कायमचं राहायची परवानगी. रांग तीच होती, खोटं नाही. पण मी पळून आलो होतो. आमच्या वाडीतले वसंतकाका परब बाबांच्या हातून मेले नाहीत. तो बार मी काढला होता. बाबा गेले, आता हे लिहिताना माझा हात अडवणारं कुणी नाही.

मी अठरा वर्षांचा होतो. डुकरांनी त्या वर्षी आमची नाचणी आणि रताळी उखडून ठेवली होती, म्हणून वाडीनं दिवसाढवळ्या रान काढायचं ठरवलं. एका बाजूनं डबे बडवत, ओरडत हाकारे येणार आणि दुसऱ्या बाजूला बंदूकवाले बसणार. बाबांची शेतसंरक्षणाची एकनळी बंदूक होती. परवाना त्यांच्या नावाचा, पण आमच्याकडे परवाना बंदुकीचाच समजतात आणि बंदूक घराची. परवान्याचं लाल पुस्तक पेटीत असलं की झालं, मग घरातल्या कुणीही खांद्याला लावावी. त्या दिवशी बाबांना हिवताप भरला होता. दात वाजत होते. त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वळाखल्याशिवाय घोडो वढू नको." मग ते मागच्या खडकाआड कांबळं घेऊन आडवे झाले.

करवंदीची जाळी हलली. काळी पाठ दिसली, वाकलेली. मला वाटलं डुक्कर. वाटलं कशाला म्हणू, मला डुक्करच हवं होतं. मी घोडा ओढला. जाळीतून जो आवाज आला तो डुकराचा नव्हता. वसंतकाका काळी घोंगडी पांघरून, दुसऱ्या कुणाच्या बारानं जखमी झालेल्या डुकराच्या मागावर चार पायांवर रांगत आले होते. मानेत छर्रे घुसले होते. ते दोन्ही हातांनी गळा दाबून धरायला बघत होते आणि बोटांमधून रक्त उडत होतं, माझ्या पायावर, पानांवर. मी त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. मला खाली बसून त्यांना धरणंसुद्धा सुचलं नाही.

बाबा धावत आले. त्यांनी आधी वसंतकाकांच्या तोंडाकडे बघितलं, मग उठून माझ्या कानशिलात अशी लगावली की माझा तो कान अजून अधूनमधून गुणगुणतो. बंदूक माझ्या हातातून ओढून घेतली. "तू हयसर नव्हतंस. हाकाऱ्यात होतंस. समाजला?" मी मान हलवली. हाकारे पोचले तेव्हा बंदूक बाबांच्या हातात होती.

पोलिसांच्या आधी वसंतकाकांचे दोघे भाऊ आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात आले. एकाच्या हातात पहार होती. बाबा पळाले नाहीत. एका भावानं बाबांचा उजवा हात दगडी पायरीवर धरला आणि दुसऱ्यानं, ज्या हातानं मारलंस त्याच हातावर घे म्हणत पहार घातली, एकदा, दोनदा. हाड मोडल्याचा आवाज सुक्या फांदीसारखा येतो. मी दाराआड होतो आणि आतून कडी घातलेली होती. ती कडी मीच घातली होती. पुढं तीन वर्षं केस चालली आणि बाबांना एक वर्षाची शिक्षा झाली. बंदूक जप्त, परवाना रद्द. मी पुण्याला एका कारखान्यात नोकरी धरली आणि गावी जाणं टाळत राहिलो, शेवटी कॅनडा गाठला.

कॅनडात मला काम कुठं मिळावं? कॉलेज संपल्यावर ग्वेल्फजवळच्या एका मांसाच्या प्लांटमध्ये, मेंटेनन्सला. डुकरांचाच प्लांट. दिवसभर माझ्या डोक्यावरून साखळीला उलटी टांगलेली डुकरं सरकायची, चिरलेली, खाली नाल्यात रक्त वाहत असायचं आणि मी मोटारीचे बेअरिंग बदलत असायचो. आईला फोनवर सांगायचो, फूड कंपनीत आहे. मिसिसागाची मित्रमंडळी गणपतीत भेटली की विचारायची, अरे तुला उलटी नाही होत? मला होत नसे. मला तिथं बरं वाटायचं, कारण तिथं रक्त कुणाचं याला उत्तर ठरलेलं होतं.

डेल माझा फोरमन. साठीकडे झुकलेला, जाडजूड, तोंडाळ माणूस. पहिल्या विंटरला माझी गाडी घसरून खड्ड्यात गेली तेव्हा तो स्वतः ट्रक घेऊन आला, मला शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचे जुने विंटर टायर्स माझ्या गाडीला लावून दिले. २०१७च्या नोव्हेंबरात तो म्हणाला, अमेरिकेत, मिशिगनच्या उत्तर भागात माझ्या मेहुण्याची जमीन आहे, हरणाच्या शिकारीला चल. मी म्हटलं, मी बंदुकीला हात लावणार नाही. "देन कॅरी माय कॉफी," तो म्हणाला. खरं सांगायचं तर मला जायचंच होतं. बंदुकीच्या दारूचा वास आला की मला अजून काय होतं ते बघायचं होतं.

जाताना डेलनं सगळं रीतसर केलं. अमेरिकेचा फॉर्म, शिकारीचं लायसन्स, स्वतःचं बंदुकीचं लायसन्स, सगळं एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवलं. सार्नियाच्या पुलापलीकडे अमेरिकन अधिकाऱ्यानं रायफलचा नंबर तपासला आणि आम्हाला सोडलं. तिसऱ्या दिवशी पहाटे डेलनं एक नर पाडला. पोट फाडताना त्यानं मला पाय धरायला लावले. आतडी वाफाळत बर्फावर पडली. माझा हात थरथरत नव्हता, मी बघितलं. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

त्याच दुपारी मचाणावरून उतरताना डेलचा पाय गोठलेल्या शिडीवरून निसटला. बारा फुटांवरून तो खाली आला आणि मांडीचं हाड पँट फाडून बाहेर आलं. तो जनावरासारखा ओरडत होता. या वेळी मी खाली बसलो. पट्टा काढून मांडी आवळली, अँब्युलन्स येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेतलं, त्याच्या शिव्या खाल्ल्या. हॉस्पिटलात त्याला गुंगीत टाकलं. मला सोमवारी शिफ्टला पोचायचं होतं, म्हणून मेहुण्यानं डेलच्या ट्रकची किल्ली मला दिली आणि म्हणाला, रायफल इथंच राहू दे, मी सांभाळतो. बाबा म्हणायचे, माणसाची बंदूक दुसऱ्याच्या घरात राहता कामा नये. मी मानेनं नाही म्हटलं. कुलूपबंद पेटी मागच्या सीटवर ठेवली. ग्लव्ह बॉक्समध्ये कागद होतेच. रायफलचे कागद. तीनशे किलोमीटर मी निवांत चालवत आलो. तेरा वर्षांपूर्वीचीच चूक मी पुन्हा करत होतो आणि मला तिची ओळखही पटली नाही.

पुलावरून कॅनडाच्या बाजूला आलो. "एनी फायरआर्म्स?" खिडकीतल्या बाईनं विचारलं.

"येस. माय फ्रेंड्स रायफल. पेपर्स आर हिअर." आणि मी तिला पेटी दाखवायला मागं वळून हात घातला.

पुढचं फार भरभर झालं. हात दिसू दे, हात दिसू दे असा आरडाओरडा, माझ्यावर रोखलेली दोन पिस्तुलं. दार उघडून मला ओढलं, तोंड डांबरावर आपटलं, पाठीवर गुडघा, मनगटात बेड्या. ओठ फुटला. चूक माझीच होती, बंदूक आहे म्हणत मागं हात घालणाऱ्याला कुणीही आडवं करील. पण डांबरावर रक्ताचा डाग बघताना मला पायरीवर धरलेला बाबांचा हात आठवला आणि कधी नव्हे ते वाटलं, चला, आपल्या वाट्याचं आलं एकदाचं.

आत एका पांढऱ्या खोलीत पिकलेल्या मिशांचा सुपरवायझर समोर बसला. तुझ्याकडे बंदुकीचं लायसन्स आहे? नाही. मग ती तुझ्या ताब्यात कशी? कागद आहेत, मी म्हटलं. तो म्हणाला, कागद डेलचे आहेत, तू डेल नाहीस. इतकं साधं वाक्य. हे कुणीतरी मला अठराव्या वर्षी सांगायला हवं होतं. माझी पीआरची फाइल तेव्हा इमिग्रेशनकडेच होती. गुन्हा नोंदला तर ती बंद आणि मी परतीच्या विमानात, हेही त्यानं आवाज न चढवता सांगितलं.

मग त्यानं डेलला हॉस्पिटलात फोन लावला आणि बोलून परत आला. "तुझा मित्र म्हणतो, रायफल न्यायला त्यानंच सांगितलं. कागद पुरतील असंही तोच म्हणाला. सगळी चूक त्याची. खरं आहे?"

फक्त येस म्हणायचं होतं. डेलचं लायसन्स गेलं असतं, त्याची दरवर्षीची शिकार गेली असती आणि मी सुटलो असतो. एक म्हातारा माणूस मोडक्या हाडानं पडल्या पडल्या पुन्हा माझ्यासाठी खोटं बोलत होता. मला डेलचा राग आला. बाबांचा तर इतका राग आला की टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं. कुणी सांगितलं होतं तुम्हाला?

"नो," मी म्हटलं. "तो गुंगीत होता. त्याला माहीतही नव्हतं. मी घेतली, माझ्या मनानं."

"तू काय बोलतोयस ते कळतंय तुला?"

"येस सर."

तो कागद पुढं ओढून लिहायला लागला. रायफल अडकवून ठेवली, मला पावती दिली आणि पुढं पत्र येईल असं सांगून सोडलं. पत्रात ताकीद निघाली, गुन्हा नाही, कारण विचारल्याबरोबर बंदूक असल्याचं मी सांगितलं होतं आणि नंतरही शब्द फिरवला नव्हता. डेल काठीवर चालायला लागल्यावर जाऊन रायफल सोडवून आला. पहिल्यांदा भेटला तेव्हा माझ्या फुटलेल्या ओठाच्या व्रणाकडे बघून "इडियट" म्हणाला, एवढंच.

सीमेवरून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना फोन केला, सगळं सांगितलं आणि म्हटलं, आता गावातही सांगतो.  ते म्हणाले, "थय सांगितलंस ना? झाला. हयसर नको. माजी सजा भोगून झाली. ती आता माजी आसा." मी ऐकलं त्यांचं. सवय होती.

पुढच्या जूनमध्ये ते गेले, छातीत कळ येऊन, माझी पीआर आल्यानंतर दोन महिन्यांनी. मी पोचलो तेव्हा राख थंड झाली होती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी वसंतकाकांच्या घरी गेलो. सुलभाकाकी, त्यांची बायको, खळ्यात बसून कोकमं फोडत होत्या. मागं भिंतीला लाकडांची प्रचंड रास होती, वाळवीनं पोखरलेली, वर अळंबी उगवलेली. ती लाकडं बाबांनी टाकलेली होती. तुरुंगातून सुटल्यापासून दरवर्षी पावसाआधी ते डाव्या हातानं भारे वाहून आणून तिथं रचायचे, आणि काकी त्यांना शिव्या घालायच्या. दहा वर्षांत त्यातली एक काटकी काकींनी चुलीत घातली नव्हती. गावात सगळ्यांना हे माहीत होतं. मला बहिणीनं फोनवर सांगितलं होतं.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बार मी काढला. बाबांनी माझं अंगावर घेतलं.

काकींनी सुरी खाली ठेवली. "म्हंजे धा वर्सां मी भलत्याक गाळी दिलंय?"  त्या उठल्या. "पावसात सुकां लाकूड नसायचा. पोरांची पेज शिजायची नाय. तरी तेच्या लाकडांक हात लावलंय नाय मी. तुज्या बापाशीची लाकडां कुजवलंय. आणि तू थय बसान गप ऱ्हवलंस?" त्यांनी राशीतलं एक लाकूड ओढलं आणि माझ्या पाठीवर मारलं. मी हललो नाही. पुन्हा मारलं, खांद्यावर, मानेवर, कानावर. लाकूड कुजकं होतं, ते तिसऱ्या फटक्यालाच मोडलं. त्यांनी दुसरं घेतलं, तेही मोडलं. दम लागला तेव्हा त्या खाली बसून ओक्साबोक्शी रडल्या, आणि मी समोर बसलो, केसांत लाकडाचा भुसा घेऊन. जा म्हणाल्या नाहीत.

आता मी कॅनडात आहे आणि राहीन. कॉन्डो घेतलाय, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायची कटकट गेली. कुणी विचारलं घर कुठं, तर मी ग्वेल्फ सांगतो, ते खोटंही नाही. पण मला मारायचा ज्यांना हक्क आहे ती माणसं तिकडे आहेत, आणि ते मला आता घरासारखं वाटतं. परवा बहिणीचा फोन आला होता. म्हणाली, काकींनी ती सगळी रास मागच्या पडवीत हलवलीय आणि रोज सकाळी चुलीत त्यातलीच लाकडं घालतात. कुजकी आहेत, जळत कसली, नुसती धुमसतात, घरभर धूर होतो. काकी खोकत बसतात, पण दुसरं लाकूड घालू देत नाहीत.